आधी उंदीर, मग आलेख



स्वागताध्यक्षाने चहा-जेवणाच्या वेळा सांगून खाली बसावे, अशी सभागृहाची रास्त अपेक्षा असते. पण माईक हाती आला आहे, तेव्हा चार गोष्टी बोलूनच बसतो.

मी माणसांचा मेंदूविकारतज्ज्ञ. ईईजी काढताना माझा रुग्ण मुकाट पडून राहतो, ‘डोळे मिटा’ म्हटले की मिटतो. तुम्हा संशोधकांचा उंदीर असे काही ऐकत नाही. पंचवीसेक ग्रॅमचा जीव, अर्ध्या ग्रॅमहूनही हलका मेंदू. भूल देऊन त्याच्या कवटीत बारीक स्क्रू बसवायचे, मानेच्या स्नायूंत तारा घालायच्या, वर डेंटल सिमेंटचा थर द्यायचा. एवढे करून हाती येणारा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा, आणि खोलीच्या भिंतींतून 230 व्होल्टची वीज खेळत असते. आलेखावर 50 हर्ट्झची दाट पट्टी उमटली की अर्थिंग शोधण्यात दुपार जाते, हे इथे कुणाला सांगायला नको.

मानेतल्या त्या तारांचे मला विशेष कौतुक वाटते. जागेपणी हिंडणारा उंदीर आणि आरईएम झोपेतला उंदीर, दोघांच्या ईईजीत थीटा लहरी दिसतात. कोण जागा आणि कोण झोपलेला, हे स्नायूंचा आलेख सांगतो: झोपेत तो जवळजवळ सपाट होतो.

1875 साली रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवरून वाहणारे विद्युतप्रवाह गॅल्व्हानोमीटरवर पाहिले. डोळ्यावर प्रकाश टाकला की प्रवाह बदलतो, हेही त्यांनी नोंदवले. हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी 1929 मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे त्यानंतर 54 वर्षांनी. आम्हा डॉक्टरांचे हे यंत्र प्राण्यांच्या प्रयोगशाळेतून आले आहे. हे ऋण मी मानतो, आणि त्यामुळेच थोडे स्पष्ट बोलतो.

शस्त्रक्रियेनंतर उंदराला पुरेशी वेदनाशामके मिळाली नाहीत, भुलीत त्याच्या अंगाची ऊब टिकवली नाही किंवा सावरायला दिवस दिले नाहीत, तर यंत्र त्याच्या दुखण्याचीच नोंद करते आणि आपण तिला मेंदूचे कार्य म्हणतो. उंदीर निशाचर, आपण दिवसा कामाला येतो, तेव्हा ती त्याची झोपायची वेळ असते. तो कळपात राहणारा प्राणी. केबल गुंतू नये म्हणून आपण त्याला एकटा ठेवतो. या एकटेपणाची छाप झोपेवर पडत असेल, असा संशय निदान घ्यायला हवा. नीतिसमितीचा अर्ज पुष्कळदा सोपस्कार म्हणून भरला जातो. माझ्या मते चांगल्या आलेखाची पहिली अट त्याच अर्जात असते.

प्राणिगृहातली मंडळी या सभागृहात मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांनी कृपया पुढे यावे. या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे.

वक्त्यांना एकच विनंती. प्रत्येक आलेखासोबत उंदराचा वाण, वय, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि दिवे लागण्या-मालवण्याच्या वेळा सांगा. तो एकटा होता की सोबतीने, किती उंदीर विश्लेषणातून वगळले आणि का, हेही सांगा. पहिल्या सत्रापासूनच सांगा.