मुलांच्या मुठी आणि मोठ्यांची जबाबदारी

(भवानी पेठ, सोलापूर येथे पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरकरांना तालमीची ओळख करून देण्याचे कारण नाही. लाल मातीचा हौद, जोरबैठकांचा घाम आणि गणेशोत्सवातील लेझमीचे डाव हे सारे या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. या जुन्या परंपरेच्या शेजारी आता कराटे व तायक्वांदो यांचे वर्ग येऊन उभे राहिले आहेत. पांढरा पोशाख घालून व कमरेला रंगीत पट्टा बांधून मैदानाकडे निघालेल्या मुली कष्टकऱ्यांच्या वस्तीतही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे.

तथापि, आईबाप मुलांना या वर्गांत का धाडतात, याचा विचार केला पाहिजे. विडी वळणारी आई तयार विड्या देण्यासाठी आणि पाने-तंबाखू आणण्यासाठी कारखान्याकडे जाते. बाप यंत्रमागावर पाळी करीत असतो. घरी राहिलेल्या मुलीची काळजी दोघांनाही जाळीत असते. ‘दिवस वाईट आहेत, पोरीला चार हात करता आले पाहिजेत’, हे उद्गार या काळजीतून येतात. काळजी खरी आहे. प्रश्न एवढाच की, तिच्यावर जो उपाय सांगितला जातो तो पुरेसा आहे काय?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो सिद्ध झाला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराला तोंड द्यावे लागल्याचे सांगितले आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे अथवा विश्वासाच्या नात्यातले निघाले. अंधाऱ्या बोळातील अनोळखी गुंडासाठी शिकविलेली लाथ घरात येणाऱ्या काकावर उगारली जात नाही. तेथे मुलाला दोन गोष्टींची गरज असते: ‘नको’ म्हणणाऱ्या जिभेची आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्या मोठ्या माणसाच्या कानाची. पहिली गोष्ट काही अंशी तालीम देऊ शकेल. दुसरी घराने, शाळेने आणि पोलीस ठाण्यानेच दिली पाहिजे.

मग ही विद्या निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिचा उपयोग कोठे आहे, हे मात्र नीट ओळखले पाहिजे. १८८२ साली टोकियोत जुदोची शाळा काढणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. जुदोत नवशिक्याला आरंभीच शिकवितात ते इजा न होता पडण्याचे तंत्र. ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे शाळांत आणताना आंको इतोसू यांनी मुलांसाठी सोपे, क्रमवार पाठ बसविले. मारण्याची विद्या मुलांच्या हाती देताना तिला शिक्षणाचे रूप द्यावे लागते, हे या दोघांनी जाणले होते. नियमित सरावाने मुलाची चाल ताठ होते, आवाज मोकळा होतो, पडून पुन्हा उठण्याची सवय लागते आणि राग आवरण्याची शक्ती येते. हे लाभ लहान नाहीत.

महाराष्ट्राला यासाठी जपानकडेच पाहावे लागेल असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. मातंग समाजातील हा वस्ताद फुल्यांच्या शाळांच्या पाठीशी उभा राहिला. त्यांच्याच नात्यातील मुक्ता साळवे ही मुलगी त्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तालीम आणि शाळा तेथे एकमेकींच्या सोबतीने चालल्या, म्हणून मनगटाबरोबर लेखणीलाही बळ आले. ज्या खेळांना आपली भाषा ‘मर्दानी’ म्हणते, ते आज मुलीही तितक्याच निगुतीने खेळतात. भाषेने आता त्यांच्यामागून यावे.

शासनालाही या विद्येचे महत्त्व पटलेले दिसते. समग्र शिक्षा योजनेखाली सहावी ते बारावीच्या मुलींना स्वसंरक्षणाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण देण्याची आणि त्यासाठी शाळेमागे दरमहा ५,००० रुपयांची तरतूद झाली. आरंभ म्हणून हे योग्य आहे. परंतु तीन महिन्यांत चार पकडी पाठ होतील. शरीराला वळण लागायला वर्षे जातात. पुढचे शिक्षण मग खासगी वर्गात आणि तेथे प्रत्येक पट्ट्यागणिक शुल्क! ज्या घराची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, त्या घरातील मुलीचे धैर्य पांढऱ्या पट्ट्यापाशीच थांबावे काय?

दुसरा मुद्दा शिकविणाऱ्याचा. वस्तादाचा शब्द मुलाला आज्ञेसारखा असतो आणि त्याचा हात मुलाच्या अंगाला लागतच असतो. म्हणून येथे देखरेख अधिक कडक हवी. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानी असलेल्याने केलेला अपराध अधिक गंभीर मानला आहे. वर्ग उघड्यावर चालावा, एक प्रौढ स्त्री सतत हजर असावी आणि पालकांना केव्हाही येऊन बसण्याची मुभा असावी. जो वस्ताद या अटींना अपमान समजेल, त्याच्याकडे मूल पाठवू नये. डोक्यावरील प्रहार आणि कौले-विटा फोडण्याचे तमाशे मुलांच्या वर्गातून हद्दपार झाले पाहिजेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली मुलांना आधी प्रतिस्पर्ध्याला न भिडता सराव द्यावा, असेच सांगितले आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मे १९३० मध्ये याच सोलापुरावर लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. या चौघांचे स्मरण करणाऱ्या शहरात मुलाच्या हाती काठी देताना ‘ही कोणाविरुद्ध?’ याचे उत्तर शेजाऱ्याच्या धर्मात वा जातीत शोधले जाता कामा नये. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी मुले एकाच मातीत लोळतील, तीच खरी तालीम.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरविले आहे. महापालिकेच्या शाळांची मैदाने सायंकाळी खुली करावीत, तेथे पगारी व प्रशिक्षित शिक्षक-शिक्षिका नेमाव्यात आणि ही विद्या वर्षभर विनामूल्य द्यावी, ही मागणी भवानी पेठेतील पालकांनी एकमुखाने केली पाहिजे. तिच्या जोडीने रस्त्यावरच्या दिव्यांची आणि तक्रार तत्काळ नोंदविणाऱ्या ठाण्याचीही मागणी हवी. बारा वर्षांच्या मुलीने मूठ वळायला अवश्य शिकावे. परंतु तिच्या सुरक्षिततेचा सारा भार त्या मुठीवर टाकून मोठ्यांना हात झटकता येणार नाहीत.