अंगकाठी जन्माची, ताकद रोजची



"आमच्या घराण्यातच गुडघेदुखी." "आईला शुगर होती, मलाही होणारच." "ती मूळचीच काटक, माझं अंगच जड." गटाच्या बैठकीत आम्ही हे वरचेवर ऐकतो. खाण तशी माती, असं म्हणून विषय संपवला जातो. आज त्या मातीबद्दलच बोलू.

पुण्याच्या नारायण पेठेत केसरीवाडा आहे, लोकमान्य टिळकांचा. टिळकांचा फोटो पाहिला की वाटतं, हा माणूस जन्मापासूनच दणकट असणार. पण तसं नव्हतं. १८७२ साली मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती आणि पोहण्याला दिलं. त्यापायी त्या वर्षी परीक्षेत नापासही झाले. पण शरीर कमावलं. पुढे १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंगवास त्यांनी सोसला, अंगात मधुमेह असताना. आईवडील तेच, रक्त तेच. बदलला होता तो दिनक्रम.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना अख्खं वर्ष देता आलं. आम्हाला चूल, गोठा आणि रान यातून घटकाभरही मिळत नाही. खरं आहे. म्हणूनच हिशेब थोडक्यात सांगतो.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एवढं चालून आणि आहार सांभाळून ज्यांनी थोडं वजन उतरवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या लोकांवर असाच अभ्यास केला, तिथेही फायदा दिसला. आनुवंशिकता खोटी नाही. उंची, बांधा, काही आजारांचा कल घराण्यातून येतोच. आईला शुगर असेल तर आपण जास्त जपायचं, हात टेकायचे नाहीत.

"शेतात राबतो, तो व्यायाम नाही का?" आहे की. पण खुरपताना तासन्‌तास वाकून त्याच कमरेवर भार येतो, आणि हंगाम सरला की काही आठवडे हालचाल कमी होते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीसाठी द्या. पक्क्या स्टुलावर बसा, हात न टेकता उठा, पुन्हा सावकाश बसा. दहा वेळा. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बचत गटाचं गणित आपल्याला पाठ आहे. एकदाच हजार भरून पुढे गप्प बसणारीपेक्षा दरमहा शंभर भरणारीची बाकी वाढते. शरीराचंही तसंच. महिनाभर जोरात करून सोडलं, की कमावलेलं हळूहळू ओसरतं.

तेव्हा या बैठकीत एक करा. शेजारणीशी जोडी लावा, रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घासू द्या, आणि दोघी चालायला निघा. गटाच्या वहीत हप्त्याशेजारी एक रकाना आखा: किती दिवस चाललो. तीन महिन्यांनी उपकेंद्रात वजन, बीपी आणि शुगर पुन्हा तपासा, आणि आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.