पासपोर्ट बदलला तरी सातबारावरचं नाव

गेल्या वेळी आपण काजूगराच्या पॅकिंगवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज कमी करतील, म्हणून आधीच विनंती करतो, पाच मिनिटं थांबा. विषय आहे दुहेरी नागरिकत्वाचा. म्हणजे परदेशात जाऊन तिकडचं नागरिकत्व घेतलं, तर आपलं इकडचं राहतं की जातं.

हे आपल्याला कशाला, असं आम्हीही म्हणायचो. भाद्रपदाच्या आधीच्या बैठकीपर्यंत.

त्या दिवशी हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा झाला. आमच्यातल्या एक काकी मात्र उठेनात. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवला. काकींचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. थोरल्या मुलाने वारस नोंदीचा अर्ज केला होता. त्यात काकींचं नाव होतं, दोन्ही मुलग्यांची होती, मुलीचं नव्हतं. काकींनी विचारलं तेव्हा मुलाने फोनवर बहिणीलाच सांगितलं होतं, "तू आता थयची झालंस. सातबारावर तुझा नाव कशाक?"

आम्ही काय म्हणालो असू? खरं सांगतो, आमच्यातल्या तिघी म्हणाल्या, मुलगा शिकलेला आहे, म्हणतो ते बरोबरच असेल.

मुलीची हकीगत अशी. तिला म्हापशाजवळ दिलेली. आपल्या सिंधुदुर्गातल्या कितीतरी मुली पत्रादेवीपलीकडे दिल्या आहेत, तशीच तीही. जावयाचे वडील गोवा मुक्त होण्याआधीचे, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेले. पोर्तुगाल त्या काळातल्या गोवेकरांना अजूनही आपले नागरिक मानतं, आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून ते नागरिकत्व मिळवता येतं. जावयाने ते केलं. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला आणि तो इंग्लंडला गेला. तेव्हा इंग्लंड युरोपीय संघात होतं, म्हणून पोर्तुगालच्या माणसाला तिथे काम करायला वेगळी परवानगी लागत नसे. गोव्याची पुष्कळ माणसं अशीच स्विंडन नावाच्या शहरात राहतात. मुलगी मागून गेली, आपल्या भारतीय पासपोर्टवर, नवऱ्याच्या कुटुंबातली म्हणून. सात-आठ वर्षांनी दोघांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं.

आता गंमत बघा. ब्रिटन दोन नागरिकत्वं चालवून घेतं, पोर्तुगालही घेतं. म्हणून जावयाकडे आज दोन देशांचे पासपोर्ट आहेत, दोन्ही कायदेशीर. त्याच घरातली आपली मुलगी, तिच्याकडे एकच. कारण तिचा आधीचा देश भारत, आणि भारत दोन चालवून घेत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात हे आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमातही. आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. कुणी पत्र पाठवत नाही, नोटीस येत नाही, नाव कापल्याचा शिक्का बसत नाही. तिकडे शपथ घेतली, इकडचं गेलं. जावयाचंही असंच पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हा गेलं होतं. (नुसती लिस्बनमध्ये जन्मनोंद केली तर काय, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालले आहेत. त्यात आम्ही पडत नाही.)

परवा एका बाईंनी विचारलं, जर्मनीने आता दोन्ही ठेवायला परवानगी दिली म्हणे? दिली, २०२४ च्या जूनपासून. पण ती जर्मनीची परवानगी. जर्मनी म्हणतं, तुमचं जुनं सोडायला आम्ही सांगणार नाही. सोडायला लावतो तो आपला कायदा. एका बाजूने दार उघडं असून भागत नाही, दोन्ही बाजूंनी उघडं लागतं.

काकींच्या मुलीला आम्ही व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "अगं मावश्यांनो, माझं दोन्ही आहे. माझ्याकडे ओसीआय आहे." तिने कार्डही दाखवलं, निळसर पुस्तिका, वर आपले अशोकस्तंभाचे सिंह. म्हणजे भाऊ म्हणत होता तुझं काहीच उरलं नाही, आणि ही म्हणत होती माझं सगळं आहे. आणि दोघंही चुकत होते.

ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन आहे म्हणून पुष्कळ लोक फसतात. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर ही सोय आली. त्याआधी १९९९ पासून पीआयओ कार्ड असायचं, ते २०१५ मध्ये यातच मिळवलं. या कार्डावर जन्मभर केव्हाही भारतात येता येतं, हवं तितकं राहता येतं, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. बँकेचे व्यवहार, घर किंवा फ्लॅट घेणं, मुलांचं शिक्षण यात बरीचशी मुभा अनिवासी भारतीयांसारखी. पण मत देता येत नाही. निवडणुकीला उभं राहता येत नाही, साध्या ग्रामपंचायतीच्यासुद्धा. सरकारी नोकरी सहसा नाही. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही.

इथेच भावाने वाचलेलं अर्धं होतं. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की ओसीआयवाल्यांना शेतजमीन चालत नाही. विकत घेणं चालत नाही, हे खरं. बक्षीस म्हणून घेणंही चालत नाही. पण वारसाने आलेली जमीन चालते. परकीय चलनाच्या कायद्यातच ती मुभा आहे, शेतजमिनीलासुद्धा. आणि वारसा कुणाला, हे नागरिकत्वाचा कायदा ठरवत नाही, हिंदू वारसा कायदा ठरवतो. त्यात २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत का, हा घोळ सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, नसले तरी हक्क आहे म्हणून. मुलगी बांद्याला राहते, मुंबईला राहते की स्विंडनला, कुठला पासपोर्ट बाळगते, असलं त्या कायद्यात काही विचारलेलं नाही. (आम्ही बोलतोय महाराष्ट्रातल्या जमिनीबद्दल. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे.)

हे आम्हाला एका दिवसात कळलं असं समजू नका. आधी ज्या कार्यालयात गेलो तिथे एका साहेबांनी मान न वर करताच सांगितलं, "परदेशी माणसाचं नाव लागत नाही." काकी परत फिरायला लागल्या होत्या. मग तालुक्याच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी समजावलं, हरकतीचा अर्ज लिहून दिला. फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. आमचे चार दिवस उरले होते. लक्षात ठेवा, ती नोटीस घरी येते तेव्हा ती कुणाच्या हातात पडते यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मधल्या काळात काकी चिडल्या होत्या. म्हणाल्या, "मी माझा वाटा पोरीला बक्षीसपत्राने देऊन टाकते, बघू कोण अडवतं." वकीलबाईंनी थांबवलं. आई हयात असताना शेतजमीन बक्षीस दिली, तर ती ओसीआय मुलीला घेता येत नाही. मृत्युपत्र केलं तर आईच्या मागे तिला मिळू शकते. आई तीच, मुलगी तीच, जमीन तीच. फरक फक्त कागदाचा.

आता भावाचीही बाजू सांगतो, कारण तो काही राक्षस नाही. सातबारावर आधीच सामाईक नावं, आजोबांच्या चुलत्यांपासूनची. एक सही आणायची तर पुण्याला फोन, दुसरी आणायची तर बेळगावला. पीक कर्ज काढायचं म्हटलं की बँक सगळ्यांच्या संमत्या मागते. त्यात आणखी एक सही इंग्लंडमधून कोण आणणार? जमीन कसतो तो, भातात उभा राहतो तो. ही भीती खोटी नव्हती. पण तिच्यावर उपाय होता आणि तो बहिणीनेच सुचवला, भावाला कुलमुखत्यारपत्र देण्याचा. तिकडे आपल्या वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करायची, कागद इकडे आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. कर्ज आणि शेतीच्या कामापुरतेच अधिकार द्यायचे, विक्रीचा द्यायचा नाही, हे वकीलबाईंनी लाल पेनाने लिहून घेतलं.

उद्या तिने आपला वाटा विकायचा ठरवला, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचं असेल तर तेही देता येईल, पण तिच्या मनाने. "तू परदेशी झालीस म्हणून सही कर" असं कुणी म्हणत असेल तर सही करायची नाही.

आता थोडं मतदार यादीबद्दल. परदेशात नोकरीला असलेला, पण पासपोर्ट भारताचाच असलेला मुलगा मतदार राहू शकतो. त्यासाठी फॉर्म ६ अ आहे, मात्र मत द्यायला इथे यावं लागतं. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचं नाव यादीत राहता कामा नये. फॉर्म ७ भरून काढता येतं. "राहू दे की, कुणाला कळतंय" असं घरात म्हणतात. आमच्या ओळखीत एकाने परदेशी पासपोर्ट मिळाल्यावर जुना भारतीय पासपोर्टही वापरणं चालूच ठेवलं. पुढे ओसीआय करायला गेला, तर जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला मागितला, तारखा जुळल्या नाहीत, दंड भरावा लागला, आणि त्या भानगडीत बापाच्या बाराव्याला पोचला नाही. नागरिकत्व मिळालं की जुना पासपोर्ट लगेच वकिलातीत जमा करून दाखला घ्यायला मुलांना सांगा. ओसीआयचा रस्ता त्याच दाखल्यातून जातो.

सुना आणि जावयांसाठी एक गोष्ट. परदेशी जोडीदाराला लग्नाच्या नात्याने ओसीआय मिळू शकतं, पण लग्नाची नोंद झालेली हवी आणि त्यानंतर दोन वर्षं संसार सलग टिकलेला हवा. आपल्याकडे हळद, अक्षता, पंगत सगळं होतं आणि नोंदच राहते. ती ग्रामपंचायतीत लगेच करून घ्या.

आणि अजून ज्यांच्या मुलांनी ठरवलं नाही, त्यांनी एवढं विचारा, तिकडे कायम राहण्याची परवानगी पुरत नाही का? ब्रिटन, अमेरिका, कितीतरी देशांत नागरिकत्व न घेताही वर्षानुवर्षं राहता येतं, काम करता येतं. पुरत असेल तर इकडचं मत आणि इकडचा पासपोर्ट शाबूत राहतो. नसेल पुरत, मुलांच्या भविष्यासाठी घ्यावंच लागत असेल, तर डोळे उघडे ठेवून घ्यावं. परतीची वाट आहे, पण लांबची. ओसीआय होऊन पाच वर्षं व्हावी लागतात, अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहावं लागतं, आणि परत भारतीय व्हायचं तर तिकडचं सोडावं लागतं. आमच्यातल्या काहींना वाटतं भारताने दोन्ही ठेवू द्यावं, काहींना वाटतं मत एकाच देशात असावं. यावर आमचं एकमत झालेलं नाही, बैठकीत अजून वाद होतात.

काकींच्या मुलीचं नाव फेब्रुवारीत सातबारावर आलं. भाऊ महिनाभर बोलत नव्हता. मुखत्यारपत्राचा कागद आला, त्यावर कर्जाचं काम झालं, आणि मग त्याने बहिणीला फोन करून विचारलं, यंदा गणपतीला येतेस ना? ती आली. नवऱ्याला आणि मुलांना घेऊन अकरा दिवस राहिली. ग्रामपंचायत निवडणुकीची चर्चा चालली होती तेव्हा ती कोपऱ्यात माटोळीची सुपारी नीट करत गप्प बसली होती. काकींनी ते पाहिलं. आम्हीही पाहिलं.

तुमच्या गटात असा कुणाचा कागद अडला असेल तर शनिवारच्या बैठकीला घेऊन या, वकीलबाई चार वाजता येतात. सातबाराचा उतारा, वारसांची यादी आणि फेरफाराची नोटीस आली असेल तर तिचा लिफाफासुद्धा आणा, कारण तारीख लिफाफ्यावर असते.