गोरिलांच्या अंगणात एक तास
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



युगांडातील ब्विंडीच्या किंवा रुवांडातील ज्वालामुखी पर्वतांच्या अरण्यात डोंगरी गोरिला पाहावयास जाताना पहिली चिंता वाटते ती आपल्या जिवाची. खरी धास्ती बाळगावयास हवी ती त्याच्या जिवाची. तो आपला इतका सगोत्र आहे की आपले साधे पडसेही त्याच्या फुफ्फुसांत उतरून प्राणघातक ठरू शकते; आणि जगात हे गोरिला उरले आहेत हजाराहून थोडेच अधिक. म्हणून आठ जणांचीच तुकडी, एकच तास, तोंडाला पट्टी आणि दहा मीटरांचे अंतर. पिल्लू कुतूहलाने जवळ आले तर आपणच मागे सरावयाचे.

खरी कसोटी निराळीच आहे. रुवांडात या एका तासाचे शुल्क २०१७ पासून १५०० डॉलर आहे! एवढे मोजून, समुद्र ओलांडून गेल्यावर नेमका त्याच पहाटे घसा खवखवू लागला, तर गुपचूप गोळी घेऊन पुढे जाण्याचा मोह कोणास होणार नाही? तरीही वनरक्षकास सांगून मुक्कामी परतावे. मला हा नियम मुळीच जाचक वाटत नाही.

नर अंगावर धावून आलाच तर पळू नये. नजर खाली वळवून खाली बसावे. एरवी हा रुपेरी पाठीचा कुटुंबप्रमुख त्या तासात बहुधा पाला चघळीत बसलेला आढळतो.