हातातून हातात



पाळी बदलणे म्हणजे काय, हे एकलहऱ्याच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. वीजकेंद्रातील जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची स्थिती समजावून देतो आणि मगच घरची वाट धरतो. हृदयरोगी बालकांच्या अतिदक्षता विभागाचे मर्मही पुष्कळसे यातच आहे.

हजार मुले जन्मली तर त्यांपैकी सुमारे आठ-नऊ मुलांच्या हृदयात जन्मतःच काही दोष असतो. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. पण ज्यांना लागते त्यांची कसोटी टाके घातल्यावर संपत नाही. पुढील ६ ते १८ तासांत शिणलेल्या हृदयाचा जोर बहुधा ओसरतो. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. रक्तदाब मात्र बराच वेळ ठीक दिसतो. या फसव्या काळात मूल टिकते ते उशाशी बसलेल्या परिचारिकेच्या डोळस पहाऱ्यावर.

आता असे पाहा, की शस्त्रक्रियागृहातून हे मूल अतिदक्षता विभागात येते तेव्हा श्वासयंत्र बदलायचे असते, औषधांचे पंप व नळ्या जोडायच्या असतात, आणि सर्व हकीकतही त्याच वेळी सांगायची असते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी याच घटकेचा अभ्यास केला. मार्गदर्शनासाठी ते कोणाकडे गेले असतील? फेरारी या मोटारशर्यतीच्या पथकाकडे! काही सेकंदांत चाके बदलणाऱ्या त्या कामगारांत प्रत्येकाचे काम ठरलेले असते. त्यावरून डॉक्टरांनी नियम घातले: सूत्रे एकाच्याच हाती, आधी यंत्रे जोडायची, मग हकीकत सांगायची, आणि शेवटी पुढचा बेत ठरवायचा. नव्या पद्धतीपूर्वीची २३ व नंतरची २७ हस्तांतरणे त्यांनी तपासली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर हस्तांतरणामागे तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या. सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी जवळजवळ निम्म्या झाल्या. यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्र.

पण मित्रहो, मूल हातातून हातात जाते ते केवळ रुग्णालयातच काय? पहिला हात आईचा. दूध पिताना बाळाला घाम फुटतो, ते मध्येच धापा टाकते, वजन धरत नाही, ओठ निळे पडतात, हे प्रथम तिलाच दिसते. दुसरा हात अंगणवाडीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुले तपासतात. हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. त्यापुढे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास कसारा घाट उतरून मुंबई.

या साखळीतील एक कडी निसटली, तर शेवटच्या कडीचे कौशल्य वाया जाते. म्हणून तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. चिठ्ठी मिळाली तर ती ट्रंकेत न ठेवता घेऊन निघा, आणि सारे कागद बरोबर न्या. काय दिसले, केव्हापासून दिसले, हे आईलाच सांगू द्या. तिच्या बोलण्यात कोणी मध्ये पडू नये. संशोधकांनी मोठ्या रुग्णालयात जे सिद्ध केले, ते आपल्या उंबऱ्यावरही तितकेच खरे आहे.