न झालेल्या फेऱ्या

शेअर टॅक्सीच्या अ‍ॅपसाठी कुठे किती गाड्या लागतील, याचा अंदाज बांधणारा प्रोग्राम मी लिहीत होते. पावसात मुंबईची लोकल ठप्प झाली की स्टेशनबाहेर ही गर्दी! आमचे आकडे मात्र म्हणायचे, मागणी घटली. आम्ही मोजत होतो पूर्ण झालेल्या फेऱ्या. गाड्याच पाण्यात अडकल्या तर फेऱ्या कुठल्या? पायी निघालेल्यांची नोंदच नव्हती.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी स्वतः दादरहून घाटकोपरपर्यंत पाण्यातून चालले होते. तरी ही चूक कळायला मला दोन पावसाळे लागले! आता गाडी शोधून न मिळालेलेही आम्ही मोजतो. फोन बंद पडलेला माणूस मात्र अजून हिशेबाबाहेरच आहे.