वरची दाढ आणि डोळा

वरचा दांत काढला कीं त्या बाजूचा डोळा अधू होतो, ही समजूत आमच्या कुंडलांत अजून भल्याभल्यांच्या तोंडीं ऐकूं येते. शहरांतील शिकलेल्या घरांतही ती अगदींच नाहीं असें नाहीं. माझी वरची दाढ काढावयाचें ठरलें, तेव्हां एका स्नेह्यानें बजावलें, "गुरुजी, दाढ जाईल ती जाईल, पण वाचन बंद पडेल हो!"

या समजुतीचें मूळ उघड आहे. दांत पडूं लागण्याचें वय आणि मोतीबिंदूचें वय बहुधा एकच; जोडीनें घडणाऱ्या गोष्टींत आपण कार्यकारणभाव जोडून मोकळे होतों. वस्तुतः दृष्टीची नस डोळ्यामागून मेंदूकडे जाते, आणि दांतांची संवेदना चेहऱ्याच्या अगदीं निराळ्या नसेवाटें. उलट, किडका दांत तसाच ठेवण्यांतच डोळ्याला भय आहे. वरच्या सुळ्याच्या मुळाशीं पू झाला तर सूज डोळ्याखालीं चढते, आणि क्वचित् तें विष शिरांवाटें कवटीच्या आंत पोंचतें. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं डोळ्याच्या धास्तीनें लवंगेच्या तेलावर तीन महिने काढले. शेवटीं डोळा मिटेपर्यंत गाल सुजला आणि त्यांना रातोरात मिरजेस न्यावें लागलें. डोळा वाचला, दांत मात्र काढावाच लागला.

मी सांगलीस गेलों. प्रथम रक्तदाब, मधुमेह व चालू औषधें यांची चौकशी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं तें लपवूं नये, आणि आपल्या मनानें त्या बंदही करूं नयेत. मग हिरडींत सुई टोंचली. कळ काय ती तेवढीच. बधिरतेचें हें औषध, लिडोकेन, स्वीडनमधील नील्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं तयार केलें. त्याच्या सुमारें शंभर वर्षें आधीं, १८४४ च्या डिसेंबरांत, होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें हसविणारा वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती!

दाढ 'उपटतात' हें म्हणणें तितकेंसें बरोबर नाहीं. दांत हाडाला बारीक तंतूंनीं बांधलेला असतो. डॉक्टर तो चिमट्यांत धरून आंतबाहेर डोलवितात, खांच रुंदावते, तंतु तुटतात आणि दांत सुटतो. गोठ्यांतील मेखही आपण हलवून हलवूनच काढतों. दाब जाणवला, वेदना नाहीं.

खरी कसोटी घरीं आल्यावर. खांचेंत रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेवरचें झांकण. म्हणून कापसाचा बोळा अर्धापाऊण तास दाबून धरावा, आणि चोवीस तास चूळ भरूं नये, थुंकूं नये. आमच्याकडे थुंकणें हाच स्वच्छतेचा पहिला धडा, त्यामुळें हें फार जड जातें! गुठळी निघाली तर हाड उघडें पडतें व कानापर्यंत ठणका जातो. विडी, तंबाखू, मिश्री यांनीं हा धोका वाढतो. मिश्रीवांचून सकाळ न होणाऱ्या आमच्या मायभगिनींना तर हें पुनःपुन्हां सांगावें लागतें. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें हलक्या चुळा भराव्या. तिसऱ्या दिवशीं ठणका वाढलाच, तर घरीं लवंग दाबीत न बसतां डॉक्टरांकडे परत जावें. खांच धुऊन औषध भरलें कीं बहुधा लौकरच आराम पडतो.